हाताची मजुरी धरली का? पन्नाशीनंतर धंदा सुरू करणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात मी फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या, की पन्नाशीनंतर ज्यांना स्वतःचं काही सुरू करायचंय त्यांनी आपला प्रश्न पाठवा, आणि पत्रं काय मेल काय व्हॉट्सअ‍ॅप काय, सगळीकडून इतकं आलं की दोन रविवार वाचण्यातच गेले. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, म्हणून असे सात प्रश्न घेतलेत ज्यांत बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात. नावं छापत नाही, गाव आणि वय तेवढं देते. आणि जे मला पहिल्यांदाच वाचतायत त्यांच्यासाठी, मी २८ वर्षं बँकेत होते, त्यातली बरीचशी कर्ज विभागात, ५३ व्या वर्षी नोकरी सोडली आणि आता मेतकूट, भाजणी, गोडा मसाला करून विकते. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

प्रश्न (चिंचवड, वय ५६): ताई, मी गेल्या महिन्यात व्हीआरएस घेतली, हातात २४ लाख आलेत. स्वयंपाकाची आवड पहिल्यापासून. स्टेशनजवळ एक गाळा बघितलाय, पोळी-भाजी केंद्रासाठी एकदम योग्य. डिपॉझिट ३ लाख, भाडं २८ हजार, फर्निचर आणि भांडी-शेगड्या मिळून ६ लाख. मिस्टर म्हणतात तुझे पैसे आहेत, तू ठरव. सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या नायका कंपनीच्या फाल्गुनी नायर यांनीही पन्नाशीतच सुरू केलं ना? मग मी का घाबरू?

उत्तर: घाबरू नका, पण गाळ्याची टोकन रक्कम अजून दिली नसेल तर ह्या महिन्यात देऊ पण नका.

आधी नायकाबद्दल, कारण हे उदाहरण निदान दहा पत्रांत आहे. फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये कंपनी काढली तेव्हा त्या ४९ वर्षांच्या होत्या हे खरंय, पण त्याच्या आधी त्यांनी जवळजवळ वीस वर्षं इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये काढली होती, दुसऱ्यांच्या कंपन्यांसाठी भांडवल उभं करणं हेच त्यांचं काम होतं. म्हणजे वय नवीन धंद्याचं आणि अनुभव जुन्या कामाचा. तुमचा अनुभव कसला आहे ते बघा. घरच्या पाच माणसांना तीस वर्षं जेवू घातलंत, ती कला आहेच, पण रोज ठरलेल्या वेळेला शंभर अनोळखी माणसांसाठी एकाच चवीची भाजी हे वेगळं काम आहे आणि ते गाळा न घेता शिकता येतं.

आता जरा वही-पेन घ्या. भाडं २८ हजार. दोन मदतनीस, प्रत्येकी १२ हजार धरले तर २४ हजार. लाइट बिल ४ हजार. झाले ५६ हजार, आणि अजून एक कांदाही चिरलेला नाही. महिन्याचे २६ दिवस चालू ठेवलंत तर रोजचे साधारण २,१५० रुपये. १०० रुपयांच्या ताटात किराणा, भाजी, गॅस, पॅकिंग मिळून ५५ गेले तर ४५ उरतात. म्हणजे रोज ४८ ताटं विकली की जागेचं आणि माणसांचं फिटतं, तुमच्या स्वतःच्या हाताला तोवर एक रुपया नाही. पहिल्या महिन्यापासून ४८ ताटं जातील का, पावसात जातील का, दिवाळीत कंपन्या बंद असतात त्या आठवड्यात जातील का, हे तुम्हीच स्वतःला विचारा. मी २८ वर्षांत कर्ज बुडालेल्या किती फाइली बघितल्या, त्यात पदार्थ वाईट होता म्हणून बुडालेले फार थोडे होते. भाडं आधी आणि गिऱ्हाईक नंतर, म्हणून बुडालेले जास्त होते.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते सांगते. सगळ्यात आधी पोस्टात किंवा बँकेत जाऊन सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीमची चौकशी. ती ६० नंतरची स्कीम आहे असं सगळे समजतात, पण ५५ पूर्ण झालेल्या आणि निवृत्त झालेल्या किंवा व्हीआरएस घेतलेल्या माणसालाही ती उघडता येते, अट एवढीच की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडायची. तुमचा एक महिना गेलाय, म्हणून घाई ह्याची करा, गाळ्याची नको. त्यात ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, पण मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त नाही, आणि व्याज दर तिमाहीला हातात येतं. १६-१७ लाख तिथे गेले की घराची एक बाजू तरी भक्कम झाली. चार-पाच लाख आजारपणासाठी आणि घरखर्चासाठी लगेच काढता येतील असे. राहिले दोनेक लाख, तेवढंच धंद्याचं भांडवल समजा, आणि ते बुडाले तरी रात्री झोप लागेल एवढीच ती रक्कम असू दे.

त्या दोन लाखांत घरच्या ओट्यावरून २०-२५ डबे सुरू करा. अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची बेसिक नोंदणी करून घ्या, फी वर्षाला १०० रुपये आहे, एजंटला हजारो रुपये द्यायची काही गरज नाही. आणि घरगुती गॅसची लाल टाकी धंद्याला वापरू नका, ते बेकायदा आहे आणि उद्या काही झालं तर विमावाला हात वर करेल, १९ किलोची कमर्शियल टाकी घ्या. सहा महिने चालवा. डबे ६० वर गेले, घर अपुरं पडायला लागलं, लोक विचारायला लागले की दुकान कुठेय, तेव्हा गाळा बघा, तोपर्यंत तुम्हाला हेही कळलेलं असेल की कुठल्या रस्त्यावरचा बघायचा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं. त्यांनीही आधी पापड विकले, बाकीचं सगळं नंतर उभं राहिलं.

प्रश्न (नाशिक, वय ५८): मी दोन वर्षं घरून पोळ्या देते. रोजच्या १००, दर ६ रुपये. सामानाला २२५ जातात, मला ३७५ सुटतात. आता दर ८ करावा म्हटलं तर बिल्डिंगमधल्याच बायका म्हणतात, "काकू, घरच्या घरी तर करता, तुम्हाला कुठे भाडं आहे?" मला ओशाळल्यासारखं होतं आणि मी गप्प बसते. मी चुकतेय का?

उत्तर: काकू, ह्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय, कारण हा प्रश्न फक्त पोळीचा नाही.

तुम्ही सामानाचा हिशोब सोबत पाठवलात ते फार बरं केलंत. तीन किलोला थोडी कमी कणीक दळणासकट १३०, तेल ३०, गॅस ४५, कागद-फॉइल २०, झाले २२५. बरोबर आहे. पण ह्यात एक माणूस धरायचा राहिलाय, आणि तो माणूस तुम्ही आहात. मळणं, लाटणं, भाजणं ह्याला तीन तास, आणि गिरणीत जाणं, किराणा आणणं, ओटा धुणं, डबे पोचवणं ह्याला एक तास, असे चार तास तुम्हीच लिहिलेत. तुमच्याच भागात पोळ्या करायला येणारी बाई तासाला ८० रुपयांच्या खाली मिळते का? नाही मिळत. मग चार तासांचे ३२० रुपये ही तुमची मजुरी झाली. स्कूटीचं पेट्रोल, मोडलेला पोळपाट, परत आलेल्या आठ पोळ्या, ह्याचे रोजचे ४० धरा. आता ६०० मधून २२५, ३२० आणि ४० वजा करा. उरतात १५. शंभर पोळ्यांमागे रुपये पंधरा, हा तुमचा नफा आहे.

म्हणजे तुम्ही ज्याला कमाई म्हणताय ती मजुरी आहे, आणि मजुरी घेण्यात काहीच कमीपणा नाही, फक्त तिला नफा समजू नका. कारण ज्या दिवशी तुम्हाला ताप येईल त्या दिवशी बाई लावून काम करून घ्यावं लागेल आणि मग हातात काहीच राहणार नाही. आणि आयुष्यभर आपण नेमकं हेच केलंय हो, घरात पहाटेपासून रात्रीपर्यंत जे केलं त्याला कुणी तास मोजले नाहीत, आपणही नाही मोजले, आणि तीच सवय घेऊन आपण धंद्यात आलो. गिऱ्हाइकाला पण तीच सवय आहे, म्हणून "घरच्या घरी तर करता" हे इतक्या सहज तोंडातून निघतं.

८ रुपयांनी सामान तेच, मजुरी तीच, आणि नफा १५ चा २१५ होतो. दोन रुपयांचा फरक आहे फक्त. १ तारखेपासून दर वाढतोय असं आठ दिवस आधी ग्रुपवर लिहा, गहू-तेल वाढलं वगैरे सफाई देत बसू नका, एक ओळ पुरे. काही जणी सोडतील. हिशोब बघा, १०० च्या ७० पोळ्या राहिल्या तरी ५६० येतात, सामान साधारण १५८ चं लागतं, आणि काम तीन तासांच्या आत उरकतं. आत्ता चार तास घालून जे सुटतंय त्यापेक्षा ते जास्तच आहे. आणि कुणी परत विचारलंच की भाडं कुठेय, तर शांतपणे सांगा की ओटा माझा आहे, त्याचं भाडं मी लावत नाहीये, हाताचे पैसे लावतेय. हे वाक्य मी स्वतः तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आवाज कापला होता माझा, पण ती बाई आजही माझी भाजणी नेते.

प्रश्न (शिरोळ तालुका, वय ५२): मी शिवणकाम करते. शाळेचे युनिफॉर्म आणि शिवलेल्या नऊवाऱ्या असा छोटा कारखाना टाकायचा आहे, चार मशिन आणि माल धरून ४ लाख लागतील. शिक्षण सातवी. मालक वारले, मुलगा पुण्यात. बँकेत गेले तर साहेब म्हणाले, "मावशी, ह्या वयात कर्ज कशाला? मुलाला घेऊन या." एकाने सीएमईजीपी सांगितलं, एक जण म्हणतो पीएमईजीपी. काय खरं?

उत्तर: मावशी, दोन्ही खरं आहे, दोन्ही कर्जावर अनुदान देणाऱ्या सरकारी योजना आहेत. सीएमईजीपी ही राज्याची, तिच्यात आधी वयाची वरची मर्यादा ४५ होती आणि महिलांना पाच वर्षं सूट, आता काय आहे ते अर्जाआधी विचारून घ्या. पीएमईजीपी केंद्राची, तिथे १८ पूर्ण एवढंच लागतं, वरची मर्यादाच नाही. शिक्षणाची आठवी पासची अट मोठ्या प्रकल्पाला आहे, वस्तू बनवण्याच्या धंद्यात १० लाखांच्या वर. तुमचे ४ लाख आहेत, सातवीवर काही अडत नाही.

पीएमईजीपीचे आकडे असे बसतात. महिलेला ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान, शहरात २५. स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे, म्हणजे २० हजार. बाकीचे ३ लाख ८० हजार बँक देते. अनुदानाचे १ लाख ४० हजार तुमच्या हातात कधीच येत नाहीत हे नीट लक्षात ठेवा, ते तुमच्या नावाने तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतात आणि धंदा चालू दिसला की मग कर्जात वळते होतात. त्यामुळे कुणी "अनुदान काढून देतो, निम्मे माझे" म्हणत दारात आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही योजना फक्त नवीन धंद्याला आहे. आधी मशिन आणून कारखाना चालू केला आणि मग अर्ज केला तर तो बसत नाही. माझ्या काळात किती बायका अशा यायच्या, सगळं आणून झालेलं, बिलं हातात, आणि मला नाही म्हणावं लागायचं, मला स्वतःला वाईट वाटायचं. तेव्हा आधी कोल्हापूरला जिल्हा उद्योग केंद्रात जा, यंदाचे अर्ज चालू आहेत ना बघा, फॉर्म ऑनलाइन भरा, त्याला फी नाही. मशिनचं फक्त कोटेशन घ्या.

मुलाला घेऊन या म्हणाले त्याबद्दल. छोट्या उद्योगाच्या तुमच्याएवढ्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुलगा सहकर्जदार हवाच असं कुठे लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी तोंडी बोलू नका, अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. लेखी मागितलं की निम्मी कारणं गळून पडतात, हे मी त्या खुर्चीत बसलेली बाई म्हणून सांगते. तेवढ्यात लहान रक्कम हवी असेल तर मुद्रा आहे, शिशुमध्ये ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत.

आणि मावशी, तुमच्यापासून लांब नाही, साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी महिला बँक आहे. तिचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता कारण सह्यांच्या जागी अंगठे होते. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. तुम्ही तर सातवी शिकलाय.

प्रश्न (डोंबिवली, वय ५५): मी कोकणातून आमसुलं, फणसपोळी, कुळीथपीठ मागवून विकते. सून इन्स्टाग्राम बघते, ऑर्डर छान येतात. पैसे मिस्टरांच्या जीपेवर येतात कारण माझ्या फोनवर ते नाहीये. महिन्याला किती सुटतात ते मला सांगता येणार नाही, मिस्टर म्हणतात चांगलं चाललंय. ह्यात काही चुकीचं आहे का?

उत्तर: माणूस चुकीचा नाही, पद्धत चुकीची आहे. धंदा तुमचा असेल तर पैसा तुमच्या खात्यात यायला हवा, आणि हे मी नवऱ्यावर संशय घ्या म्हणून सांगत नाहीये. उद्या तुम्हाला कर्ज हवं झालं तर बँक तुमच्या खात्याचं स्टेटमेंट मागणार आणि त्यात काहीच नसणार. आजवरची मेहनत कागदावर मिस्टरांच्या नावाने जमा झालीय.

ह्याच आठवड्यात स्वतःच्या नावाचं वेगळं खातं उघडा, फक्त धंद्यासाठी, तुमचा मोबाइल नंबर त्याला जोडा आणि त्याचा क्यूआर सुनेला द्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, तुमच्या आधार आणि पॅनवर करा, २०२० पासून ती पूर्ण ऑनलाइन आणि फुकट आहे. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट पुष्कळ आहेत, पैसे मागितले की बंद करा.

फोनची भीती वाटते असं पुढे लिहिलंय. एकच गोष्ट पाठ करा, पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे जाताना लागतो. "काकू, पेमेंट पाठवलंय, फक्त पिन टाका" असा फोन आला तर तो चोर आहे, मग तो सैन्यातला मेजर असल्याचं सांगू दे नाहीतर हॉटेलवाला. एवढं पक्कं केलंत की बाकीचं सून एका दुपारी शिकवेल. तिच्या कामाचेही पैसे धरा हं, इन्स्टाग्राम बघणं म्हणजे कामच आहे, महिन्याला ठरवून काहीतरी तिच्या खात्यात टाका. आपल्याला जे मिळालं नाही ते तिला मिळू दे.

प्रश्न (ठाणे, वय ६०): एका कंपनीला रोज ४० डबे देते. तीन महिन्यांचं बिल अडकलंय. फोन केला की "पुढच्या आठवड्यात". किराणावाल्याची उधारी माझ्या डोक्यावर. डबे बंद केले तर आधीचे पैसेही बुडतील अशी भीती वाटते.

उत्तर: डबे बंद करा, किंवा उद्यापासून रोजचे पैसे रोज. तीन महिन्यांची भीती पुढे चार महिन्यांची होते, बाकी काही होत नाही.

छोट्या उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. ह्यासाठी उद्यम नोंदणी लागते आणि ती माल देण्याच्या आधीची असली तर तुमची बाजू पक्की, म्हणून नोंदणी असेल तर लगेच छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, नसेल तर आज करा आणि इथून पुढच्या बिलांवर उद्यम नंबर छापा. आणखी एक, इन्कम टॅक्सचं एक कलम आहे (१९६१ च्या कायद्यात ते ४३बी(एच) होतं), त्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. म्हणून फोन अ‍ॅडमिनच्या मुलाला करण्याऐवजी त्यांच्या अकाउंट्स विभागाला मेल करा, तारखेनुसार बिलांची यादी जोडा, ह्या कलमाचा एका ओळीत उल्लेख करा. अकाउंट्सवाल्यांना त्याचा अर्थ बरोबर कळतो, मार्चच्या आधी तर फारच लवकर कळतो.

माझे पहिल्या वर्षी एका दुकानदाराकडे १८ हजार बुडाले. बिल नव्हतं, पोच नव्हती, ओळखीवर दिलं होतं. आयुष्यभर लोकांच्या कागदांवर बोट ठेवून सही कुठेय विचारणारी मी, आणि स्वतःच्या मालाचा कागद केला नाही. तेव्हापासून पाकीट सुटं असो की पेटी, चलनावर सही घेतल्याशिवाय हलत नाही.

प्रश्न (म्हापसा, गोवा, वय ५३): मी शुक्रवारच्या बाजारात आगळ (कोकमाचा रस), सोलां (आमसुलं), मिठातलीं तोरां (कैऱ्या) विकते. मे महिन्यात पुरुमेंताच्या फेस्तात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या बाजारात, तर उसंत नसते. आता पुणे-मुंबईचे लोक कुरिअरने मागतात. लेबल कसं हवं आणि जीएसटी लागतो का?

उत्तर: लेबलवर पदार्थाचं नाव, घटक (जो जास्त तो आधी), निव्वळ वजन, एमआरपी सर्व करांसहित, केल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, हिरवा शाकाहारी ठिपका आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर. बाटली सुंदर नसली तरी चालेल, हे सगळं हवंच.

जीएसटीचं मात्र नीट ऐका कारण इथे पुष्कळ जणी फसतात. मालाची विक्री वर्षाला ४० लाखांपर्यंत असेल तर नोंदणी नको, हे राज्याच्या आतल्या विक्रीला. म्हापशाहून पुण्याला पाठवलंत की ते दुसऱ्या राज्यात गेलं, आणि करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते.  तेव्हा आधी गोव्यातच पणजी, मडगाव, दुकानं, हॉटेलं इतकं करा, आणि बाहेरच्या ऑर्डर खरंच नियमित झाल्या की सीएकडे जाऊन नोंदणी करा.

प्रश्न (सांगली, एक मुलगी, आईचं वय ६१): आईला लोणच्यांचा धंदा करायचाय. तिचे गुडघे दुखतात, बाबांना पॅरॅलिसिस होऊन दोन वर्षं झाली, त्यांचं सगळं तीच करते. आम्ही दोघी बहिणी म्हणतो आता आराम कर, पैसे आम्ही पाठवतो. ती ऐकत नाही आणि घरात रोज वाद होतो. तुम्ही तिला समजवा.

उत्तर: आईला नाही, मी तुम्हाला समजावणार आहे, राग मानू नका.

तुम्ही पैसे पाठवता ह्याबद्दल तिला नक्कीच बरं वाटत असणार. पण तुम्ही जो आराम म्हणताय तो तिच्या दिवसात आहे कुठे? दोन वर्षं ती एका आजारी माणसाची रात्रंदिवस सेवा करतेय. लोणचं ही कदाचित दिवसातली एकमेव गोष्ट असेल जी ती स्वतःसाठी करायला मागतेय, जिथे तिला कुणी शाबास म्हणेल, चार माणसं फोन करतील, काय टाकलंत हो त्यात असं विचारतील. माझी आई गेली तेव्हा तिच्या कपाटात एक वही सापडली, शेजारच्या चार घरांना दिलेल्या सांडग्यांचा हिशोब होता त्यात, सव्वा रुपया, दीड रुपया असं लिहिलेलं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ती वही माझ्याकडे आहे आणि मी ती दर दिवाळीला काढून बघते.

तेव्हा करायचं की नाही ह्यावर वाद घालू नका, कसं करायचं त्यावर बोला. जमिनीवर बसून कैऱ्या फोडणं बंद, कमरेएवढं टेबल आणि पाठ असलेली खुर्ची घ्या. कैऱ्या मंडईतूनच फोडून आणायच्या, फोडणारे असतात, थोडे पैसे घेतात. पाच किलोची बरणी तिने उचलायची नाही. पहिल्या वर्षी एकच लोणचं, एकच हंगाम, ५० किलोच्या वर नाही. आणि तुम्ही जे पैसे पाठवता ना, त्यातून दिवसाचे चार तास बाबांजवळ बसायला एक माणूस ठेवा. आईला पैशांपेक्षा ते चार तास जास्त हवे आहेत असं मला तुमचं पत्र वाचून वाटलं.

हिशोबाची वही तुम्ही घालून द्या, सामान, बाटल्या, आणि तिसरा रकाना आईची मजुरी, तासाप्रमाणे. तो रकाना ती रिकामा ठेवेल, तेव्हा शेजारी बसून भरून घ्या. आणि पहिल्या घाण्यातली बरणी तुम्ही दोघी बहिणींनी घ्यायची, पूर्ण किमतीला, तिने नको नको म्हटलं तरी.